बियाची काकडी

बियाला राखलेल्या काकडीकडे बोट दाखवायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. दाखवायचीच झाली तर मूठ वळून दाखवायची, कारण बोट दाखवलं की काकडी कुजते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं आणि संध्याकाळी घरी येऊन परसात मूठ वळून काकडी दाखवली. सासूशी वाद घालायला अंगात ताकद लागते. माझी ती वर्गातच संपलेली असायची.

आमचं घर वेल्ह्याच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी. घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कात्रजला असतो, महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, ओटीवर बसून मोबाईल बघतो आणि जाताना अंडी घेऊन जातो. भातखाचरं वाट्याने दिलेली. आमच्या हाती उरलं होतं ते परस, रिकामा गोठा आणि त्या गोठ्यात अकरा कोंबड्या. गेल्या मार्गशीर्षात आत्याबाईही गेल्या. आता पुन्हा आश्विन आलाय, खाचरांत भात पिवळं पडलंय, इंद्रायणीचा वास दारापर्यंत येतो आणि परसातला मांडव उघडा आहे. गेल्या वर्षीच्या ह्याच दिवसांतलं सांगते. कुणाला तरी सांगायला हवं.

आधी काकडीचं सांगते. ती बाजारात मिळायची नाही. हातभर लांब, मांडीसारखी जाड, फिकट हिरव्या अंगावर पांढरे पट्टे. आत्याबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने तिचं बी लुगड्याच्या पदराला बांधून दिलं होतं. पुढे धरण झालं आणि त्यांचं माहेर पाण्याखाली गेलं. घर, विहीर, देऊळ, चावडी, सगळंच. माहेरची माणसं हायवेच्या पलीकडे सपाटीवर पुनर्वसनात गेली. आत्याबाई त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि कुणी म्हणालं की देवळाचा चौथरा दिसतोय, चला बघायला, तर त्या म्हणायच्या, "मला काय करायचंय बगून? दगडंच हायेत ती." पण दर वर्षी ज्येष्ठात मांडवाखाली आळी करून बी टोचताना त्यांच्याजवळ कुणी गेलेलं त्यांना चालायचं नाही.

वेलाला काकड्या लागल्या की त्यातली पहिली भरदार काकडी त्या बियाला ठेवायच्या. तिच्या देठाला तांबडी चिंधी बांधायच्या. ती तोडायची नाही. बाकीच्या काकड्या खाऊन संपतात, वेल सुकायला लागतो, तरी ती लोंबकळत असते. दसऱ्यापर्यंत ती पिवळी होते, मग तांबूस होते, सालीवर जाळी पडते. दिवाळीच्या सुमारास ती फोडायची, बी शेणात कालवायचं आणि त्याची भाकरीएवढी गोवरी करून गोठ्याच्या भिंतीला थापायची. शेणातल्या बियाला किडा लागत नाही. ज्येष्ठात गोवरी फोडली की बी जसंच्या तसं. हे सगळं मी लांबून पाहिलेलं. बी-बियाणं हा त्यांचा प्रांत होता आणि त्यात मी कधी पाऊल टाकलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मी सकाळी सातला एसटीला उभी राहायचे.

गेल्या वर्षी गौरी-गणपती झाले आणि चार दिवसांनी आत्याबाई पडल्या. आमची एक लंगडी कोंबडी आहे. ती संध्याकाळी खुराड्यात जायला कधी सरळ तयार होत नाही. तिच्यामागे त्या शेवाळलेल्या फरशीवरून गेल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं, नंतर दोन आठवडे आम्ही मुलाच्या घरी काढले. चौथ्या मजल्यावर. आत्याबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि दिवसातून दोनदा मला विचारायच्या, "कोंबड्यांना तांदळाच्या कन्या कोन घालतंय?" शेजारची वहिनी घालतेय, मी सांगायचे. "ती घालंल जोंधळं. तिचा हात सैल हाय," त्या म्हणायच्या. एवढीच आमची बातचीत.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला जीप करून आम्ही घरी आलो. ओटीवर खाट टाकली, तिथून परस आणि गोठा दोन्ही दिसतं. खाटेवर टेकल्या टेकल्या आत्याबाईंनी मान वळवून मांडवाकडे पाहिलं. बियाची काकडी जागेवर होती, नुकती पिवळी पडायला लागलेली. मग त्या म्हणाल्या, "अंगाचा दवाखान्याचा वास जात न्हाई. मला न्हाऊ घाल आदी."

आमच्याकडे आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर तापतं. एवढा मोठा हंडा गॅसवर चढवायचा तर सिलिंडर दोन आठवड्यांत बोंबलेल. मी सरपण बघायला गेले तर पडवीचा एक पत्रा उडालेला आणि लाकडं, गोवऱ्या सगळं भिजून चिंब. तीन आठवडे कुणी नव्हतंच तिथे. मी काटक्या घातल्या, कागद घातले, दोनदा रॉकेलची चिंधी घातली, डोळे चुरचुरले, पण जाळ धरेना. तिकडून आत्याबाईंची हाक चालूच होती. मला राग येत होता, पावसाचा, पत्र्याचा आणि थोडा त्यांचाही. मी गोठ्यात शिरले. दाराच्या वर भिंतीला गोवरीचा एक तुकडा चिकटलेला दिसला, निम्म्या भाकरीएवढा, खडखडीत वाळलेला. बियाची गोवरी ज्येष्ठात फुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हा तिचा राहिलेला तुकडा, नुसतं शेण, असं मी धरून चालले. खुरप्याने तो खरवडून काढला आणि चुलीत घातला. त्याने जाळ लगेच धरला. जळताना तडतड आवाज आला. ओलं लाकूड तडतडतंय, असं मला वाटलं.

आत्याबाईंना खुर्चीवर बसवून मी न्हाऊ घातलं. शिकेकाई लावली. त्यांच्या पाठीचे मणके हाताला लागत होते. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच काही सूचना करत नव्हत्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. कुणासाठी तरी आपण काही केलं असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सूचना सुरू झाल्या. खाटेवरून त्यांनी परस ताब्यात घेतलं. घेवड्याच्या शेंगा वरच्या तोड, खालच्या राहू दे. झेंडू दसऱ्याला दारालाच लागंल, बाजारात देऊ नको. काळ्या कोंबडीचं अंग गरम लागतंय का बघ, ती खुडूक झालीय, तिला अंड्यांवर बसव, पण आवसेला बसवू नको. मी म्हणायचे, आत्याबाई, माझे दोनच हात आहेत. त्या म्हणायच्या, "मास्तरीन, चाळीस पोरं संबाळलीस, अकरा कोंबड्या व्हईनात तुला?" मी चिडायचे आणि करायचे. काळीखाली नऊ अंडी मांडली. प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढली, म्हणजे दुसरीने मध्येच घातलेलं नवं अंडं ओळखू येतं. आत्याबाईंना ते नीट दिसेना म्हणून एकेक अंडं खाटेपाशी नेऊन दाखवलं. खोटं कशाला बोलू, ते दहा-अकरा दिवस आमच्या दोघींच्या तीस वर्षांतले सगळ्यांत बरे दिवस होते. मी रिटायर झाले होते आणि त्या पडून होत्या. त्यामुळे आम्हाला एकमेकींकडे बघायला वेळ मिळाला.

कोजागिरीच्या आदल्या दुपारी परतीचा पाऊस आला. गडावरून काळोख उतरला आणि वाऱ्याने एकदम झोडपायला सुरुवात केली. मी आधी आत्याबाईंची खाट आत ओढली. मग गोठ्यात पाणी शिरायला लागलं म्हणून खुडूक कोंबडीचं टोपलं उचलून माळ्यावर ठेवलं आणि बाकीच्या कोंबड्या बाहेर सोडल्या, नाहीतर खुराड्यात बुडून मेल्या असत्या. मांडव पडल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हा मी ओटीवरचं पाणी खराट्याने लोटत होते. मनात म्हटलं, पडू दे, वेल सुकलाच होता.

पाऊस तासाभराने थांबला. उन्ह पडलं, जमिनीतून वाळवीची पाखरं उडायला लागली आणि कोंबड्या त्यांच्यामागे परसभर धावल्या. मी परसात गेले तेव्हा त्या सगळ्या पडलेल्या मांडवाभोवती गोळा झाल्या होत्या. मांडवाच्या वाशाखाली बियाची काकडी फुटली होती. मी हाड हाड करत धावले, पण वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पिकलेलं बी कोंबड्या एक एक करून टिपतात, मागे काही ठेवत नाहीत. देठ होता, चिंधी होती, सालीचे तुकडे होते. मी चिखलात गुडघे टेकून अर्धा तास शोधलं. चार बिया सापडल्या, चारही फुटक्या.

आत्याबाईंना सांगायला मी कितीतरी वेळ गेले नाही. हातपाय धुतले, चहा टाकला, तो ओतू गेला. शेवटी चहा घेऊन गेले आणि खाली बघून सांगितलं. मला वाटलं होतं त्या कपाळाला हात लावतील. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "समदं बी मी कदी पेरत न्हाई. निम्मी गवरी राखून ठिवती. गोठ्याच्या दारावर हाय बग. एकांदं साल असं येतंच."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

"आहे की," मी म्हटलं. "आहे."

खोटं इतकं सहज कसं बोलले, मला कळत नाही. शाळेत मुलं खोटं बोलली की मी त्यांना बाकावर उभं करायचे. रात्रभर मला चुलीतली ती तडतड ऐकू येत राहिली. मला स्वतःची इतकी शिसारी आली होती की सकाळी आत्याबाईंना दात घासायला पाणी देताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मला एकच वाट सुचली. बी त्यांच्या माहेरचं, तर माहेरच्या माणसांकडे असणार. आत्याबाईंचे धाकटे भाऊ पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्याकडून मूठभर बी आणायचं, शेणात थापायचं, गोठ्याच्या दारावर लावायचं, आणि हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. असा बेत करून मी दोन दिवसांनी निघाले. पेन्शनच्या कामाला नसरापूरला जाते, असं आत्याबाईंना सांगितलं आणि शेजारच्या वहिनीला त्यांच्यापाशी बसवलं. एसटीने नसरापूर, तिथून वडापच्या जीपने हायवे, आणि पुढे उन्हातून चालत. आश्विनातलं ऊन, डोक्यावर पदर घेतला तरी चटका लागत होता.

गावठाणात सगळी घरं एका मापाची, स्लॅबची, एका रांगेत. दारापुढे फरशी. मामांच्या दारात एक प्लास्टिकची कुंडी होती आणि तीत तुळस होती. बाकी हिरवं काही नव्हतं. मामा सत्तरीच्या पुढचे, खुर्चीत बसून होते. मला बघून उठायला लागले. बहिणीची चौकशी केली, खुब्यात घातलेल्या सळईची चौकशी केली, डोळे पुसले. मामींनी चहा केला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं.

"काकडीचं बी?" मामा म्हणाले. "हितं कुटलं? हितं बोअरचं पानी, ते बी दिसाआड. काकडी आमी इकतच आनतो."

"पण जुनं, घरातलं, कुठे राखलेलं असेल की. एखादी गोवरी. पाच-सहा बिया असल्या तरी चालतील."

मामांनी मान हलवली. "उठून आलो तवा आई व्हती. तिनं बी संगं आनलं व्हतं थोडं. दोन सालं लावलं, येल धरंना. मंग म्या म्हनलं, जाऊ दे. अक्काच्या घरी हाय की. कवा लागलं तर तिच्याकडनं आनू." ते माझ्याकडे बघून हसले. "तिच्याकडं हाय म्हनून तर आमी निर्धास्त झालो. गावातल्या कुनाकडं बी आता न्हाई. अक्कानं तेवडं जपलं."

मी चहा संपवला. तो संपवायला मला फार वेळ लागला. निघताना मामांनी विचारलं, "अक्काकडचं संपलं का काय?" मी म्हटलं, नाही, सहज विचारलं. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. मला बघून वहिनी खाटेजवळून उठली आणि लगबगीने निघून गेली. आत्याबाईंच्या उशाशी मोबाईल होता.

"भेटला माजा भाऊ?" त्यांनी विचारलं.

मामांनी फोन केला होता. करणारच. बहिणीची काळजी वाटली असेल त्यांना. मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

"गवरी कुटं गेली?"

"जाळली," मी म्हटलं. "तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी. सरपण ओलं होतं. मला वाटलं, राहिलेलं शेण आहे."

आणि मग मलाच राग आला. आता आठवलं की लाज वाटते, पण आला. मी मोठ्याने बोलले. तीस वर्षं मी या घरात आहे, एकदा तरी सांगायचं होतं, मी काय परकी आहे, चोर आहे, माझ्यापासून लपवून ठेवायला ते काय सोनं होतं? माझा आवाज चढला, कोंबड्या बिचकल्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.

"लपवलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "दारावरच लावली व्हती. तू कदी इचारलं न्हाईस."

मी खाटेच्या पायाशी जमिनीवर बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं. त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्यांनी तो खाटेच्या कडेला नुसता ठेवला. माझं रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं की भावाची तब्येत कशी आहे, मामीचे गुडघे कसे आहेत. मी सांगितलं. भाऊ बियाबद्दल काय म्हणाला, तेही त्यांनी विचारलं. तेही मी जसंच्या तसं सांगितलं, यावेळी काही गाळलं नाही. अक्कानं तेवढं जपलं, असं म्हणाले, हेसुद्धा.

बाहेर कोंबड्या एकेक करून गोठ्यात शिरत होत्या. लंगडी दाराशी घुटमळत होती. आत्याबाई तिच्याकडे बघत होत्या, पण तिला हाकल असं काही मला म्हणाल्या नाहीत.

"त्या गोळ्यांनी माज्या तोंडाची चवच गेलीया," त्या म्हणाल्या. "भाकर खाल्ली काय अन् माती खाल्ली काय, एकच. दुपारपास्नं पडल्या पडल्या आटवाया बगती, ती काकडी कशी लागायची. न्हाई आटवत. येतंय येतंय म्हनस्तवर जातंय." मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तू सांग. तीस वर्सं खाल्लीस न्हवं? कशी लागायची?"

मी तोंड उघडलं. पावसाळाभर रोज ती माझ्या डब्यात असायची. दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, कधी नुसत्या फोडी, मीठ लावलेल्या. वह्या तपासत तपासत मी ती खायचे. डब्याचं झाकण मला आठवलं, लाल शाईचे बोटांवरचे डाग आठवले, कोशिंबिरीला पाणी सुटून वही भिजली होती तेही आठवलं.

"गोड लागायची," मी म्हटलं.

"गोड तर समद्याच लागत्यात," त्या म्हणाल्या. "आनि?"

त्या माझ्याकडे बघत होत्या, लहान मूल गोष्टीच्या पुढच्या वाक्याकडे बघतं तशा. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मला पुढे काही सांगता आलं नाही.